ॲन आर्बर की न्यू ब्रन्सविक?

२०२५च्या जानेवारीअखेर आमच्या लेकीला युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचा होकार आला. रटगर्सचाही त्याच सुमारास आला. आम्ही न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे रटगर्स आमच्यासाठी इन-स्टेट, म्हणजे आपल्याच राज्याचं, आणि न्यू ब्रन्सविकचा कॅम्पस गाडीने वीस मिनिटांवर. मिशिगन म्हणजे ॲन आर्बर, इथून साधारण सहाशे मैल. दोन्ही सरकारी विद्यापीठं, दोन्ही संशोधनात नावाजलेली. पण मिशिगनचं नाव काढलं की समोरच्याच्या भुवया वर जातात आणि रटगर्स म्हटलं की इथला माणूस “हो का, जवळच पडेल” म्हणून विषय बदलतो. १ मेपर्यंत एका ठिकाणी प्रवेश पक्का करण्याचं डिपॉझिट भरायचं होतं. मधले तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

ते तीन महिने कसे गेले ते सविस्तर लिहिते आहे. ओळखीतली काही घरं आज त्याच जागी उभी आहेत आणि फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगताना नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं.

आधी आकडे. मिशिगनची परराज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या वर्षाची ट्यूशन ६० हजार डॉलरच्या पुढे. राहणं, जेवण, पुस्तकं, येणं-जाणं धरून वर्षाला साधारण ८० हजार. शिवाय तिथे वरच्या वर्षांसाठी ट्यूशनचा दर चढा असतो. हे फीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे, पण पहिल्या वर्षाच्या आकड्याला चाराने गुणून मोकळं होणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटतं. आम्ही चार वर्षांचे मिळून ३ लाख ३० हजार धरले. रटगर्सची इन-स्टेट ट्यूशन आणि फी मिळून वर्षाला १८ हजारांच्या आसपास. घरून जाऊन-येऊन केलं तर वर्ष २० हजारांत निघतं, डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहात, राहिलं तर ३५-३६ हजार.

एवढा फरक कशाचा, हे लेकीनेच विचारलं, आणि त्याचं उत्तर शोधताना आमचे डोळे उघडले. मिशिगनमध्येच वाढलेल्या मुलीला तिथल्या पहिल्या वर्षाची ट्यूशन पडते सुमारे १८ हजार. म्हणजे आम्हाला रटगर्सला पडणार होती जवळपास तेवढीच! वर्ग तोच, प्राध्यापक तेच, पदवी तीच. वरचे ४० हजार आमच्याकडून घेतले जाणार होते ते आम्ही मिशिगनचे रहिवासी नाही म्हणून. यात त्या विद्यापीठाचं काही चुकतं असं मी म्हणत नाही. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं त्या राज्याला कर भरलाय, त्यांच्या मुलांना सवलत मिळायलाच हवी. तिथली ‘गो ब्लू गॅरंटी’ही, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन माफ करणारी योजना, त्या राज्यापुरतीच आहे. पण आपण जास्तीचे पैसे नेमके कशाचे देतोय हे एकदा कळलं की ‘महाग आहे म्हणजे तेवढं चांगलं असणार’ ही समजूत मनातून जाते. आमची तरी गेली.

इथे दोन गोष्टी सांगून टाकते, कारण त्या सगळ्यांनाच ऐकायला मिळतात. पहिली: “एक वर्ष जाऊ दे, मग तिला तिथली रेसिडेन्सी मिळेल आणि फी कमी होईल.” असं होत नाही. मूल आईवडिलांवर अवलंबून असेल आणि आईवडील दुसऱ्या राज्यात राहत असतील तर केवळ शिकायला तिथे राहिल्याने ते रहिवासी ठरत नाही. दुसरी: “शेजारच्या राज्यांचे आपापसांत करार असतात.” असतात खरे. मिडवेस्टचा आहे, न्यू इंग्लंडचा आहे, दक्षिणेकडचा आहे, पश्चिमेचा आहे. न्यू जर्सी त्यातल्या एकातही नाही.

आमचं एक बरं होतं. अर्ज भरायच्या आधीच, ऑगस्टमध्ये, आम्ही दोघांनी तिला आकडा सांगून ठेवला होता. तिच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, ९० हजार आहेत, आमच्या पगारांतून वर्षाला २० हजार काढता येतील, म्हणजे वर्षाला ४२ हजारांच्या आसपास. त्यावर आईबाबा कर्ज काढणार नाहीत. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला खरा किती खर्च येईल याचा अंदाज देणारा. २०११पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही उन्हाळ्यातच तो भरून बघितला होता आणि मिशिगनचा अर्ज ‘स्कॉलरशिप मिळाली तर’ या बोलीवर गेला होता.

पुढे फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीसाठीचा अर्ज, भरला. आमच्यासारख्यांना त्यातल्या दोन गोष्टींचा फटका बसतो. राहतं घर आणि ४०१के, म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेले पैसे, त्यात धरत नाहीत, पण पुण्यातला फ्लॅट धरतात. राहत्या घराशिवायची स्थावर मालमत्ता कुठल्याही देशातली असो, ती गुंतवणूकच. दुसरी गोष्ट, पूर्वी एका घरातली दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की आईवडिलांचा अपेक्षित वाटा दोघांत विभागला जायचा. २०२४-२५पासून ती सोय फाफ्सामधून गेली. धाकटा लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणजे दोन वर्षं दोघांचा पूर्ण भार एकदम येणार. मदतीच्या दृष्टीने आमचं उत्पन्न जास्त ठरलं आणि मिशिगनहून लेकीच्या नावावर मिळणाऱ्या ५५०० डॉलरच्या सरकारी कर्जाखेरीज काही आलं नाही. स्कॉलरशिपही नाही.

दुसऱ्या एका खासगी कॉलेजचं पत्र आलं त्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. ‘तुमचं मदत पॅकेज’ असं वर ठळक अक्षरांत, खाली यादी, आणि तळाशी ‘तुम्हाला भरावी लागणारी रक्कम: ०’. लेक आनंदाने उडालीच. यादी नीट वाचली तेव्हा त्यातला मोठा आकडा होता पेरेंट प्लस. म्हणजे आम्ही पालकांनी काढायचं सरकारी कर्ज! त्याला मदत कसं म्हणायचं? अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने, जीएओने, २०२२मध्ये अशा पत्रांचा अभ्यास केला होता. अंदाजे ९१ टक्के कॉलेजं खरी निव्वळ किंमत एक तर सांगत नाहीत किंवा कमी करून सांगतात, असं त्यात आढळलं. पत्र हातात आलं की पेन घ्या आणि कर्जाच्या प्रत्येक ओळीवर काट मारा. उरेल ती मदत.

तरीही मिशिगन सुटत नव्हतं. आकडा ठरवून ठेवणं वेगळं आणि होकाराचं पत्र समोर असताना त्या आकड्याला चिकटून राहणं वेगळं. नवऱ्याचं मन पहिल्यांदा हललं. “एकदाच तर शिकणार आहे ती,” तो म्हणाला. मग आम्ही तो पर्यायही स्प्रेडशीटमध्ये पूर्ण मांडायचा ठरवला, आणि लेकीला सोबत बसवून मांडायचा. ३ लाख ३० हजारांतून आपले १ लाख ७० हजार वजा. उरले १ लाख ६० हजार. त्या वर्षी पेरेंट प्लसचा व्याजदर होता ९.०८ टक्के, आणि रक्कम हातात यायच्या आधीच त्यातून ४.२२८ टक्के शुल्क कापलं जातं. नुसतं शुल्कच पावणेसात हजारांचं झालं. दहा वर्षांच्या परतफेडीत महिन्याला साधारण २०३० डॉलर. मधल्या चार वर्षांत चढत जाणारं व्याज सोडूनच. एकूण परतफेड २ लाख ४४ हजार.

लेक शीटकडे बघत राहिली. मग तिने बाजूच्या रकान्यात बाबाचं वय टाइप केलं. पहिल्या हप्त्यापाशी ५०, शेवटच्यापाशी ६०. त्याखालच्या ओळीत धाकट्याची कॉलेजची वर्षं भरली. आम्ही दोघं काही बोललो नाही, बोलायची गरज नव्हती. सतरा वर्षांच्या मुलांना घरच्या पैशांचं काय कळतं, त्यांना त्या काळजीत ओढू नये, असं आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. मला ते अजिबात पटत नाही. ज्या निर्णयाचा भार पुढची चौदा वर्षं घर वाहणार, त्याचा कागद मुलाने वाचायलाच हवा, आणि समोर ठेवला तर मुलं तो वाचतात.

नाशिकहून सासूबाईंचा फोन यायचा. “अगं, शिक्षणात पैशाकडे बघू नये. ह्यांनी कर्ज काढूनच शिकवलं ना तुझ्या नवऱ्याला?” त्यांचं म्हणणं मी झटकून टाकलं नाही. त्या कर्जामुळेच आम्ही इथवर आलोय. पण ते कर्ज सरकारी कॉलेजच्या फीचं होतं. पहिली नोकरी लागल्यावर नवऱ्याने ते थोड्याच वर्षांत फेडलं. “आई, तेव्हाचं कर्ज तुमच्या मुलाने स्वतः फेडलं. हे आम्ही फेडायचं, आणि ते फिटेपर्यंत तिचे बाबा साठीला येतील,” असं सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग दोन्ही जागा डोळ्यांनी बघून या तरी.”

तसं केलं. ॲन आर्बरला गेलो ते एप्रिलच्या सुरुवातीला. लेकीला जीवशास्त्र घेऊन पुढे पब्लिक हेल्थकडे जायचंय. साल्कची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याची घोषणा १२ एप्रिल १९५५ रोजी झाली, ती मिशिगनच्या रॅकहॅम ऑडिटोरियममध्ये. तिला हे माहीत होतं. ती त्या इमारतीच्या पायऱ्या धावत चढली. इतका उजळलेला चेहरा मी बऱ्याच दिवसांनी बघितला होता. गाव सुंदर, मुलं मनमोकळी, आणि लाखाहून जास्त माणसं मावतील असं फुटबॉलचं स्टेडियम. परतीच्या विमानात मला झोप लागली नाही.

रटगर्सला जायचं म्हणजे काय, तिथून आम्ही शेकडो वेळा गेलोय. पण विद्यार्थिनी म्हणून तिने ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणून ठरवून गेलो. मार्टिन हॉलच्या तळघरात एक छोटं संग्रहालय आहे. १९४३मध्ये क्षयावरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते याच तळघरातल्या प्रयोगशाळेत. मातीतल्या जीवाणूंपासून ते वेगळं काढणारा अल्बर्ट शॅट्झ तेव्हा २३ वर्षांचा पीएचडीचा विद्यार्थी होता. १९५२चं नोबेल मिळालं ते त्याचे प्राध्यापक वॅक्समन यांना एकट्यांना, आणि या शोधाच्या श्रेयावरून त्याआधीच दोघांत खटला झाला होता. लेक शॅट्झबद्दलचा मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होती. संध्याकाळी सासूबाईंना फोटो पाठवले. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी क्षयाने अंथरुणाला खिळले होते आणि स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी उठले, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. “म्हणजे दादाचं औषध तुमच्याकडचं?” असं त्या नातीला विचारत होत्या. यावरून कॉलेज निवडू नये हे मला कळतं. पण त्या दिवसापासून लेकीने रटगर्सला ‘दुसरा पर्याय’ म्हणणं सोडलं, आणि पुढचं बोलणं त्यामुळेच होऊ शकलं.

ते बोलणं असं. मी तिला म्हटलं, मिशिगनमध्ये तुला काय काय मिळेल ते लिहून काढ, नाव सोडून. तिने लिहिलं: घरापासून लांब राहणं. स्वतःचं वेळापत्रक स्वतः ठरवणं. नव्या लोकांत जाणं, जिथे शाळेतलं कुणी ओळखत नाही. पब्लिक हेल्थमधलं संशोधन. फुटबॉल. मी यादी वाचली आणि विचारलं, “यातलं रटगर्सला काय मिळणार नाही?” ती चटकन म्हणाली, “आई, घरून जाऊन यातलं काहीच मिळणार नाही.”

घरून. तिच्या डोक्यात रटगर्सचा अर्थ आपली खोली, आपलं जेवणाचं टेबल आणि “किती वाजता येणार?” असाच होता. आमच्याकडेही सगळे हिशेब २० हजारांच्या रकान्यावरूनच चालले होते, कारण तो आकडा सगळ्यात छान दिसायचा. यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी मिशिगनच्या नव्हत्याच, घराबाहेर पडण्याच्या होत्या. त्यासाठी वर्षाला ६० हजार जास्त मोजायचे, की १५-१६ हजार? वीस मिनिटांवरच्या डॉर्मला पैसे भरायचे म्हणजे उधळपट्टी, असं मला त्याआधी वाटत असे. त्या दिवशी दुपारीच आम्ही शीटमध्ये डॉर्मचा रकाना पक्का केला. वर्षाला ३६ हजार, कर्ज शून्य, आणि चार वर्षांनंतर मास्टर्ससाठी हातात २५ हजारांच्या आसपास शिल्लक. पब्लिक हेल्थमध्ये पुढे जायचं तर बहुतेकदा मास्टर्स करावं लागतं. आणि तेव्हा, परवडलं तर, मिशिगनचा विचार पुन्हा करता येईल.

संशोधनाचा प्रश्न उरला. तिने रटगर्सच्या दोन प्राध्यापकांना स्वतः ईमेल लिहिली. एकाचं उत्तर आलं, आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाशी जोडून देणाऱ्या अरेस्टी सेंटरची माहिती त्यातून मिळाली. पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राचे वर्ग दोन्हीकडे शेकड्यांनी भरतात, त्यात डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं.

नाव राहिलं. नावाने पुढे पगारात फरक पडतो का, याचा नवऱ्याने रात्री जागून शोध घेतला. स्टेसी डेल आणि ॲलन क्रुगर यांचा २००२मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याला सापडला. सारख्याच दर्जाच्या कॉलेजांकडे अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार मिळालेल्या मुलांची त्यांनी तुलना केली. जास्त नावाजलेल्या कॉलेजात गेलेले आणि न गेलेले, यांच्या पुढच्या कमाईत सरासरीने फारसा फरक दिसला नाही. गरीब घरांतल्या मुलांना मात्र फायदा दिसला. २०२३मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी आयव्ही लीग, स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक आणि शिकागो अशा बारा कॉलेजांचा अभ्यास केला. तिथे गेल्याने सरासरी पगार फार वाढत नाही, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता बरीच वाढते, असं त्यात निघालं. म्हणजे नावाचा उपयोग शून्य असं कुणीच म्हणत नाही. आमच्या लेकीला जिथे जायचंय त्या क्षेत्रात, आणि त्या बारांत नसलेल्या कॉलेजासाठी, त्याची किंमत १ लाख ६० हजारांचं कर्ज एवढी नाही, इतकंच आमच्यापुरतं ठरलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिने स्वतः रटगर्सचं डिपॉझिट भरलं आणि मिशिगनला नकार कळवला. नकाराचं बटण दाबताना ती रडली. मीही. पुढचे काही दिवस तिने मैत्रिणींच्या पोस्ट बघितल्या नाहीत. हे दुःख खरं होतं. “बघ, किती पैसे वाचले” असं म्हणून ते पुसायचा प्रयत्न करू नका. आम्ही नुसते जवळ बसलो.

आता पहिलं वर्ष संपलंय. ती लिव्हिंग्स्टन कॅम्पसवर राहते, एका कॅम्पसवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या बसवर सगळ्यांसारखीच चिडते, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी वेळा घरी येते. वीस मिनिटांचं अंतरही पुरतं. आम्ही न कळवता जायचं नाही हे आधीच ठरवलं होतं आणि ते पाळलंय. जानेवारीपासून ती एका प्रयोगशाळेत आठवड्यातले काही तास काम करते. अडचण आहे ती पुढच्या वर्षांच्या खोलीची, कारण कॅम्पसवरच्या जागांसाठी लॉटरी असते आणि बाहेरची भाडी चढी आहेत. हिशेबात वरच्या वर्षांचं राहणं थोडं वाढवूनच धरा.

कुणी याचा अर्थ ‘जवळचं तेच बरं’ असा घेऊ नये. घराचं उत्पन्न कमी असेल तर परराज्यातलं अतिनावाजलेलं खासगी कॉलेज कधीकधी आपल्या राज्याच्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडतं. हार्वर्डने २०२५-२६पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली आहे. आणि ज्यांचा विचार आमच्यासारखा पेरेंट प्लसवर चालला असेल त्यांनी नवा नियम बघून ठेवावा. २०२५च्या जुलैत झालेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज काढणाऱ्या पालकांना एका मुलासाठी वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारच मिळतील. आमचा १ लाख ६० हजारांचा रकाना आता त्या मार्गाने भरताच येणार नाही. वरचे पैसे खासगी बँकेकडून काढावे लागतील, त्यांच्या दराने आणि त्यांच्या अटींवर.

धाकट्याला या ऑगस्टमध्ये त्याचा आकडा सांगायचाय. त्याला इंजिनिअरिंगसाठी इंडियानातलं पर्ड्यू हवंय. परराज्यातलंच, पण पर्ड्यूने २०१३ ते २०२५ ट्यूशन एकदाही वाढवली नाही आणि बाहेरच्यांनाही मूळ ट्यूशन २९ हजारांच्या आतच पडते. इंजिनिअरिंगची जादा फी, राहणं आणि जेवण धरून ते ४२ हजारांत बसतं का, हे तो आणि त्याची ताई गेल्या रविवारी त्याच शीटमध्ये नवा रकाना घालून बघत होते.